कोथरूडमध्ये गावोगावच्या तांदूळ-कडधान्यांचे छोटे दुकान : हिशोब बसतो का?

घनसाळप्रेमी (प्रश्न)

नमस्कार. माझे मूळ गाव आजरा तालुक्यात असून नोकरीनिमित्त मी कोथरूडला राहतो. भात निघाल्यावर गावाकडून घनसाळ हा तिकडचा तांदूळ मागवायचा आणि नातेवाईक व सोसायटीतील ओळखीच्या घरी पोहोचवायचा, हा प्रकार हौसेने सुरू झाला. आता मागणी अशी वाढली आहे की डिसेंबर-जानेवारीत आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा उरत नाही. घेणारी मंडळी तांदळाबरोबर ज्वारी, हळद, गूळही विचारतात. त्यामुळे महाराष्ट्राच्या त्या त्या भागाची म्हणून ओळखली जाणारी धान्ये, कडधान्ये आणि मसाले एवढेच ठेवणारे छोटे दुकान काढावे, असा विचार गेले वर्षभर घोळत आहे.

डोळ्यांसमोर असलेला माल असा: आजऱ्याचा घनसाळ, मुळशी-मावळचा आंबेमोहर आणि इंद्रायणी, वाडा कोलम, भंडाऱ्याचा चिन्नोर, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, नवापूरची तूरडाळ, वायगावची हळद, भिवापुरी मिरची, कोल्हापुरी गूळ आणि कोकणातले कोकम.

मुख्य रस्त्यापासून थोडा आत सुमारे २५० चौरस फुटांचा एक गाळा पाहून ठेवला आहे. भाडे महिना ३५,००० रुपये आणि अनामत सहा महिन्यांची. माझ्याकडे बाजूला काढता येण्याजोगे १२ लाख रुपये आहेत आणि कर्ज काढण्याची इच्छा नाही. पत्नीची नोकरी चालू राहणार आहे, मात्र दोन वर्षांनी मुलीच्या महाविद्यालयाचा खर्च सुरू होईल. नोकरी सोडून पूर्णवेळ यात पडावे काय, दुकानाने स्वतःचा खर्च भागवून मला महिन्याला ४०,००० रुपये तरी द्यावेत यासाठी किती विक्री लागेल, आणि पहिल्या वर्षी काय गृहीत धरावे, हे जाणकारांनी सांगावे. शुभेच्छा घरच्यांकडून भरपूर मिळाल्या आहेत. येथे आकडे मिळाले तर बरे होईल.

भुसारपेठ

आकडे मागितले आहेत तर आधी तेच मांडतो. आमच्या घरात धान्याचा व्यापार जुना आहे. मार्केट यार्डातील भुसार बाजारात वडिलांचा गाळा होता आणि उपनगरातले किरकोळ विक्रीचे दुकान आता मी पाहतो.

तुमच्या गाळ्याचा महिन्याचा खर्च कमीत कमी असा धरा: भाडे ३५,०००, एक मदतनीस १४,०००, वीज आणि इंटरनेट ४,०००, पिशव्या व पॅकिंग ५,०००, घरपोच माल पोहोचवणे, लेखापाल आणि किरकोळ मिळून ५,०००. हे झाले ६३,०००. त्यात तुमचे ४०,००० मिळवले की १,०३,००० होतात. आता नफ्याकडे या. साध्या किराणा दुकानात धान्यावर शेकडा आठ-दहा रुपये सुटले तरी दुकानदार समाधानी असतो. तुमचा माल खास असल्यामुळे जास्त सुटतील, परंतु तूट, फुटलेली पिशवी, कीड लागून काढून टाकलेला माल आणि ओळखीच्या माणसाला द्यावी लागणारी सवलत हे सगळे वजा करून विक्रीवर २२ टक्के उरले तर ते चांगलेच म्हणायचे. १,०३,००० रुपये २२ टक्क्यांतून निघायचे तर विक्री महिन्याला ४,६८,००० हवी. आठवड्याची एक सुट्टी सोडून २६ दिवस दुकान उघडे राहिले तर रोजची विक्री १८,००० येते आणि सरासरी बिल ४५० चे झाले तर रोज ४० गिऱ्हाइके लागतात. स्वतःला एक रुपयाही न घेता केवळ दुकान उघडे ठेवायचे म्हटले तरी रोजचे ११,००० हवेतच.

आता ही ४० गिऱ्हाइके कोण, याचा विचार करा. रोज नवी माणसे येणार नाहीत. तीच घरे महिन्यातून दोनदा येतील, म्हणजे तुम्हाला नियमित घेणारी ५२० घरे लागतील आणि त्यातील प्रत्येक घराने महिन्याला ९०० रुपये तुमच्याकडे खर्च केले पाहिजेत. दुकान काढू पाहणारे बहुतेक लोक आपली स्पर्धा मोठ्या मार्टशी किंवा दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या अॅपशी आहे असे समजतात. माझ्या मते तुमची खरी अडचण घरातल्या डब्यात आहे. सकाळी पोळी आणि रात्री भात खाणाऱ्या चौघांच्या घरात महिन्याला सहा ते आठ किलो तांदूळ लागतो आणि त्यातला बहुतेक रोजचा, स्वस्तातला असतो. घनसाळ किंवा आंबेमोहर हा सणावाराला, पाहुण्यांना, रविवारच्या वरणभाताला लागणारा तांदूळ आहे. महिन्याला दोन किलो फार झाला. वाघ्या घेवड्याची उसळ कोणी आठवड्यातून चारदा करत नाही. किलोभर हळद छोट्या कुटुंबाला कित्येक महिने पुरते. तुमच्या यादीतली प्रत्येक वस्तू उत्तम आहे आणि जवळजवळ प्रत्येक वस्तू कमी खपाची आहे. तेव्हा दोनशे घरांना तुमचा तांदूळ आवडतो, एवढ्यावरून दुकान चालेल असे म्हणता येत नाही. ती घरे महिन्याला तुमच्याकडून किती किलो नेतील, हे पाहावे लागते.

जागेविषयी दोन गोष्टी. रस्त्याच्या ज्या बाजूने लोक संध्याकाळी घरी परततात, त्या बाजूला गाळा आहे का ते पाहा. सकाळी कामावर जाणाऱ्या बाजूला असलेल्या धान्याच्या दुकानापुढे दुचाकी थांबत नाही, कारण पाच किलोची पिशवी ऑफिसात कोणी नेत नाही. दुसरे म्हणजे गाळ्यापुढे सहा ते नऊ या वेळात वेगवेगळ्या वारी उभे राहा आणि शेजारच्या दुकानांतून पिशवी घेऊन बाहेर पडणारी माणसे मोजा. नुसती वर्दळ मोजू नका. क्लासला जाणाऱ्या मुलांनी भरलेला रस्ता धान्यविक्रीच्या उपयोगाचा नसतो.

साठवण

भुसारपेठ यांचा हिशोब मला मान्य आहे, फक्त त्यात वर्षभराच्या खरेदीचे चक्र आलेले नाही आणि या धंद्यात पैसा नेमका तिथेच अडकतो. माझे अशाच प्रकारचे दुकान नाशिकला आहे.

तुमच्या यादीकडे हंगामाच्या दृष्टीने पाहा. भात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघते आणि गिरणीतून तांदूळ होऊन डिसेंबर-जानेवारीत हाती येतो. तूर जानेवारीच्या सुमारास, मालदांडी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन मार्च-एप्रिलपर्यंत, मिरचीही त्याच सुमारास. गुऱ्हाळे हिवाळ्यात चालतात. म्हणजे चांगला माल चांगल्या भावात घ्यायचा तर तुमचे जवळजवळ सगळे पैसे चार-पाच महिन्यांत बाहेर जातात आणि ते वर्षभर थेंबाथेंबाने परत येतात. दसरा-दिवाळीच्या तोंडावर विक्री उत्तम असते, पण जुना माल संपत आलेला असतो आणि नव्याचे पैसे देण्याची वेळ जवळ आलेली असते. तुमच्याकडचे १२ लाख कागदावर पुरेसे दिसतात. त्यातून अनामत २,१०,००० गेली, फडताळे, काटा, फ्रीजर, पाटी आणि रंगकाम यांना पावणेतीन लाख गेले, तर ७,१५,००० उरतात. पहिल्या वर्षाची सरासरी विक्री महिन्याला १,८०,००० धरली, आणि नव्या दुकानाला ती मला मुळीच कमी वाटत नाही, तर २२ टक्क्यांनी ३९,६०० सुटतील आणि तुमचा पगार न धरताही दरमहा २३,४०० खिशातून घालावे लागतील. वर्षाचे हे २,८०,००० होतात. मालासाठी राहिले सव्वाचार लाखांच्या थोडे वर. एवढ्यात त्या विक्रीला जेमतेम तीन महिने पुरेल इतकाच माल येतो, हंगामाची भरती होत नाही.

यावर उपाय आहे. शेतकरी गटाशी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीशी वर्षाचा भाव आणि एकूण वजन हंगामातच ठरवायचे, थोडी आगाऊ रक्कम द्यायची आणि माल दर महिन्याला किंवा दीड महिन्याला उचलायचा. ते लोक साठवणुकीचे आणि अडकलेल्या पैशाचे म्हणून किलोमागे काही रुपये जास्त घेतात आणि ते देणे परवडते. शक्य असेल तर तांदूळ भाताच्या रूपातच त्यांच्याकडे ठेवून मागणीप्रमाणे भरडून घ्यावा. टरफलासह भात कितीतरी जास्त टिकते. १०० किलो भातातून साधारण ६५ किलो तांदूळ पडतो, हे भाव ठरवताना विसरू नये. कणी वेगळी निघते आणि तिलाही गिऱ्हाईक असते. इडलीसाठी, खिचडीसाठी आमच्याकडे कणी आवर्जून मागतात.

आता किडीविषयी. पावसाळ्यात पुण्याची हवा कोकणाइतकी दमट नसली तरी जुलै ते सप्टेंबर या काळात टोके आणि सोनकिडे येतातच. विनापॉलिश तांदळाला, ज्वारीला आणि घेवड्याला ते लवकर येतात. कोपऱ्यातल्या एका पोत्यात जाळी धरली की आठवड्यात शेजारची चार पोती खराब होतात. विषारी धुरीच्या गोळ्या दुकानात कदापि वापरू नका. वर लोक राहत असलेल्या इमारतीत तो जिवाशी खेळ आहे. हवाबंद पिशव्या, जमिनीपासून वर लाकडी पाट, भिंतीपासून वीतभर अंतर, आधी आलेला माल आधी विकणे, आणि थोड्या मालासाठी फ्रीजर एवढ्यावर मी भागवते. गुळाचे तर विचारूच नका. रसायन न घातलेला गूळ ऑगस्टमध्ये पाझरायला लागतो आणि ढेपेखालचा पुठ्ठा भिजून फळीला चिकटतो. तो गूळ चांगला आहे हे गिऱ्हाइकाला समजावण्यात वेळ जातो, म्हणून मी पावसाळ्यात ढेपा ठेवतच नाही, एक किलोच्या भेल्या हवाबंद करून तेवढ्याच ठेवते.

मालाच्या खरेपणाबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण अशा दुकानाकडे लोक त्याच एका कारणासाठी येतात. तुमच्या यादीतल्या घनसाळ, आंबेमोहर, मंगळवेढा ज्वारी, वाघ्या घेवडा, नवापूर तूरडाळ, वायगाव हळद आणि भिवापूर मिरची यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावता यावे यासाठीची नोंदणी, मिळाले आहे. कोल्हापुरी गुळाला ते २०१४ मध्ये, वाडा कोलमला २०२१ मध्ये आणि भंडारा चिन्नोरला २०२३ मध्ये मिळाले. मानांकन मिळाले म्हणजे बाजारातला माल आपोआप खरा झाला, असे नाही. आंबेमोहराचे उत्पन्न कमी, पीक उशिरा हाती येणारे आणि उभे पीक लोळण्याची भीती, त्यामुळे मावळातल्या शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर इंद्रायणी धरला. ही इंद्रायणी १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आली आणि तिच्यात आंबेमोहराचेच रक्त आहे. खरा आंबेमोहर थोडा पिकतो आणि त्या नावाने विकला जाणारा बराच तांदूळ परराज्यातून येतो. तेव्हा नोंदणीकृत उत्पादकाकडून घ्या, बिल ठेवा आणि जो माल खात्रीचा मिळणार नाही तो यादीतून काढून टाका. बारा वस्तूंची यादी पाहताना छान वाटते, प्रत्यक्षात तुम्हाला स्वतःला फक्त आजऱ्याची पारख आहे. चार वस्तूंनी सुरुवात करून बाकीच्या एकेक जोडणे मला जास्त सुरक्षित वाटते.

एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. २२ टक्के हा सरसकट आकडा धरला तर चित्र आहे त्यापेक्षा थोडे वाईट दिसते. मिरची, हळद, कोकम आणि दळून दिलेले मसाले यांवर धान्यापेक्षा बरेच जास्त सुटते. मार्च ते मे या काळात वर्षाचा मसाला करणारी घरे एका वेळी दोन-तीन हजारांची खरेदी करतात. माझ्या दुकानाचे वर्ष या तीन महिन्यांवर तरते.

रोजचा वरणभात

मी व्यापारी नाही, फक्त असा माल विकत घेणारा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. अशा दुकानात मी पुन्हा जाईन की नाही, हे पाकिटावर काय लिहिले आहे यावर ठरते. तांदूळ नवा की जुना, कोणत्या महिन्यात भरडला, कुकरला पाणी किती घालायचे, भात मोकळा होईल की मऊ, एवढे मला हवे असते. आमच्याकडे प्रथम आणलेल्या नव्या इंद्रायणीचा नेहमीच्या पाण्यात गोळा झाला आणि घरच्यांनी तांदळाला नावे ठेवली. दुकानदाराने एक वाक्य सांगितले असते तर पुढची दोन वर्षे मी त्याचे गिऱ्हाईक झालो असतो. आणि कृपा करून एक किलोचे, अर्ध्या किलोचे पाकीट ठेवा. चव माहीत नसलेला तांदूळ पाच किलो कोणी घेत नाही.

घनसाळप्रेमी

सर्वांचे आभार. भुसारपेठ यांनी किलोचा हिशोब करायला सांगितले, तो काल रात्री वही काढून केला. गेल्या हंगामात मी सुमारे १,१०० किलो घनसाळ ९० घरांत दिला. ९५ रुपयांनी पडलेला तांदूळ १२५ रुपयांनी दिला, म्हणजे एकूण विक्री १,३७,५०० रुपयांची झाली. गावाहून येणाऱ्या टेम्पोचे भाडे वजा केले तर हातात २५,००० च्या आसपास राहिले. आजवर मी याकडे 'भरपूर मागणी' म्हणून पाहत होतो. रोजच्या १८,००० च्या हिशोबाने ही विक्री दुकानाच्या आठ दिवसांनाही पुरत नाही.

तरीही दोन शंका उरतात. पहिली अशी की, घरून विकताना माझी पोच ओळखीच्या लोकांपुरतीच राहते. पाटी लागल्यावर अनोळखी माणूस आत येतो आणि तो हिशोबात धरलेला नाही. दुसरी शंका नोंदणी, परवाने आणि कराविषयी आहे. आजपर्यंत यातले काहीच केलेले नाही. दुकान काढले तर कराचा बोजा किती पडतो?

जमाखर्च

दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो. लहान दुकानांची हिशोबपुस्तके पाहणे हा माझा व्यवसाय आहे.

दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ प्रमाणे तुमच्यासारख्या एका मदतनिसाच्या दुकानाला फक्त व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यावी लागते. पाटी मराठीत, देवनागरीत हवी. अन्नपदार्थ विकता म्हणून उलाढालीप्रमाणे अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना हवा आणि तो घरून विकतानाही हवा, तेव्हा हे काम उद्याच करा. वजनकाट्याची वैधमापन विभागाकडून पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. स्वतः पाकिटे भरणार असाल तर निव्वळ वजन, किंमत, भरल्याचा महिना, भरणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापावेच लागते. या सगळ्याचा खर्च फार नाही, पण वेळ जातो.

कराचा मुद्दा जास्त विचार करण्यासारखा आहे. धान्य, डाळी आणि गूळ पोत्यातून गिऱ्हाइकासमोर मोजून सुटे दिले तर त्यांवर जीएसटी नाही. त्याच मालाचे २५ किलोपर्यंतचे, आधी भरलेले व लेबल लावलेले पाकीट केले की १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के लागतो. सुकी हळद आणि मिरची सुटी दिली तरी ५ टक्के आहेच. निव्वळ वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण ही उलाढाल मोजताना करमुक्त माल वगळता येत नाही. भुसारपेठ यांनी सांगितलेली ४,६८,००० ची विक्री गाठली तर वर्षाचे ५६ लाख होतात, म्हणजे दुकान तुमच्या अपेक्षेप्रमाणे चालले तर नोंदणी करावीच लागेल. तेव्हा आपसमेळ योजनेचा, म्हणजे कंपोझिशनचा विचार करा. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर १ टक्का भरून मोकळे होता येते. मात्र तो कर गिऱ्हाइकाकडून बिलात घेता येत नाही, खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही.

भाड्यावर एक सहसा लक्षात न येणारा खर्च आहे. गाळामालक नोंदणीकृत नसेल आणि तुम्ही नियमित नोंदणी घेतली असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून त्या भाड्यावरचा १८ टक्के कर तुम्हाला भरावा लागतो. ३५,००० वर तो ६,३०० होतो आणि तुमची बरीचशी विक्री करमुक्त असल्यामुळे त्याची पूर्ण वजावट मिळणार नाही. कंपोझिशनमधल्या व्यापाऱ्याला यातून सूट दिलेली आहे. मालक स्वतः नोंदणीकृत असेल तर तो कर लावेलच, तेव्हा ३५,००० हा आकडा करासह आहे की कराविना, हे त्याला आजच विचारा.

कर्ज नको म्हणता ते ठीक आहे. मुद्रा योजनेतून व्यापारासाठीही कर्ज मिळते, पण ज्या दुकानाचा रोजचा खर्च निघेल की नाही याची खात्री नाही, त्याच्यावर हप्ता चढवू नये. नोकरीबद्दल म्हणाल तर पगाराबरोबर कंपनीचा आरोग्यविमाही जातो. चौघांचा विमा स्वतः काढला तर हप्ता किती येईल ते आधी विचारून घ्या आणि तो तुमच्या ४०,००० मध्ये मिळवा.

भुसारपेठ

पहिल्या शंकेविषयी. पाटी पाहून अनोळखी माणूस येतो हे खरे आहे, पण तो गल्लीतल्या गाळ्यापुढून जाईल तेव्हा. मुख्य रस्त्यावरच्या गाळ्याचे भाडे जास्त असते ते त्या अनोळखी माणसाचेच. आतल्या गाळ्याला तुम्ही ३५,००० देणार आणि गिऱ्हाईक पुन्हा ओळखीतूनच मिळवणार असाल, तर ती ओळख आज ज्या बाल्कनीतून वाढते आहे तिथूनच का वाढवू नये? डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा भरते. तेथे किंवा तशा एखाद्या प्रदर्शनात गाळा घेऊन बसा. मात्र जत्रेतल्या विक्रीच्या आकड्यावर भाळू नका. तिथे लोक खर्च करायचाच म्हणून आलेले असतात. फोन क्रमांक घ्या आणि त्यातली किती घरे फेब्रुवारीत, कोणतीही जत्रा नसताना, स्वतःहून दुसऱ्यांदा मागवतात ते पाहा. मला दुकान काढायचे असते तर मी फक्त त्या दुसऱ्या मागणीवर भरवसा ठेवला असता.

साठवण यांचा मसाल्याचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. मिरची-हळदीचा वाटा विक्रीत एक तृतीयांशावर गेला तर माझे २२ टक्के सहज २५-२६ वर जातील आणि रोजची विक्री १८,००० ऐवजी साडेपंधरा हजारांच्या आसपास पुरेल. तरीही ती तुमच्या आजच्या विक्रीपासून फार लांब आहे.

साठवण

एक मधला मार्ग सुचवते. पूर्ण गाळा घेण्याऐवजी एखाद्या चालू दुकानात जागा मागा. लाकडी घाण्याचे तेल विकणारे किंवा पिठाची गिरणी चालवणारे दुकान उत्तम, कारण तिथे येणारे गिऱ्हाईक धान्याचा विचार करतच आलेले असते. गिरणीत ज्वारी दळायला आलेल्या बाईंना मालदांडी दाखवायला पाटीची गरज नसते. दोन फडताळांचे भाडे किंवा विक्रीवर टक्केवारी, जे जमेल ते ठरवा. गिरणीच्या पिठाच्या धुरळ्यात उघडे पोते ठेवू नका आणि किडीसाठी दर आठवड्याला माल हलवून पाहा, एवढी काळजी घेतली की झाले. नोकरी सांभाळून हे करता येते.

घनसाळप्रेमी

तूर्त गाळ्याला नाही कळवले आहे. अन्ननोंदणीचा अर्ज या आठवड्यात करतो. घराजवळच्या गिरणीवाल्यांशी कालच बोललो. ते दोन फडताळे द्यायला तयार आहेत, भाड्याऐवजी विक्रीवर दहा टक्के मागतात. येत्या हंगामात घनसाळ, इंद्रायणी, मालदांडी आणि वायगावची हळद एवढ्याच चार वस्तू ठेवेन. पुढच्या मेअखेरपर्यंत महिन्यातून किमान एकदा मागवणारी २०० घरे झाली आणि महिन्याची विक्री सव्वा लाखावर टिकली तर पुन्हा गाळे पाहायला लागेन, तोपर्यंत नोकरी सोडणार नाही. पत्नीला हा आकडा पटला आहे, गावाकडच्या मंडळींना तो फारच सावध वाटतो.

जमाखर्च यांना एक शेवटचे विचारतो. पुढे गाळा घेतलाच तर करारात काय पाहावे? या मालकाने तीन वर्षे गाळा सोडता येणार नाही अशी अट सांगितली होती.

जमाखर्च

ती अट त्याच्या बाजूने तीन वर्षांची आणि तुमच्या बाजूने सहा महिन्यांची करून घ्या. म्हणजे त्याने तीन वर्षे तुम्हाला काढू नये आणि तुम्ही सहा महिन्यांनंतर दोन महिन्यांची सूचना देऊन बाहेर पडू शकावे. पुष्कळ मालक बोलणी झाल्यावर हे मान्य करतात. नाही केले तर तीन वर्षांचे एकूण भाडे १२,६०,००० होते आणि तुमची सगळी पुंजी त्याहून कमी आहे, हे लक्षात ठेवूनच सही करा. दरवर्षीची भाडेवाढ किती, ती आकड्यात लिहून घ्या. अनामत गाळा सोडल्यावर किती दिवसांत परत मिळेल ते लिहून घ्या. रंगकाम आणि फडताळे कोणाची, वजनदार पोती माळ्यावर ठेवायला परवानगी आहे का, टेम्पो उतरवायला सोसायटीची हरकत नाही ना, हेही कागदावर हवे. करार लिव्ह अँड लायसन्सचा करून नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि नोंदणी नसलेल्या कराराबाबत वाद झाला तर भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. त्यामुळे मालक सहसा त्याला नकार देत नाहीत.